घराण्याच्या तसबिरी आणि फोटोवाल्याची वही

नांदेड किंवा लातूरकडील कोणत्याही जुन्या वाड्यांत पाऊल टाकलें कीं, बैठकीच्या भिंतीवर, तुळईच्या खालीं, किंचित् पुढें झुकलेल्या तसबिरींची एक रांग दृष्टीस पडते. पगडी बांधलेले पणजोबा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली पणजी, मुंजीच्या दिवशीं काढलेला बटूचा फोटो, आणि एखाद्या कोपऱ्यांत, अकालीं गेलेल्या कोणाची तरी, हार घातलेली मोठी छबी. या तसबिरी ज्यांच्या, त्यांच्याविषयीं घरांत थोडेंबहुत बोललें जातें. त्या ज्यानें काढल्या त्याच्याविषयीं मात्र कोणी बोलत नाहीं. त्याचें दुकान कसें चाले, माल कोठून येई, आणि गिऱ्हाइकानें पैसे चुकते केल्यावर त्याचें काम संपे कीं राही, हे प्रश्न आपल्या मनांत सहसा येत नाहींत. या महिन्यांत आम्ही वाचकांस त्या दुकानाच्या मागील खोलींत घेऊन जाणार आहों. त्यांत मौज तर आहेच; पण प्रत्येक घराण्याच्या हिताची एक गोष्टही आहे.

मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें आमच्याकडील लोकांचा ओढा पुण्यामुंबईइतकाच हैद्राबादकडे असे. कज्ज्यांचें शेवटचें अपील तिकडे, दरबारची नोकरी तिकडे, आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर मुलांचें वरिष्ठ शिक्षणही पुष्कळदां तिकडेच. गोदावरीच्या खोऱ्यांतून हैद्राबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास चालू झाली, आणि नांदेडचा मनुष्य एकाच गाडींत बसून सिकंदराबादेस उतरूं लागला. लातुरास बार्शी लाईटची लहान गाडी १९११ सालीं पोंचली; तेथील मंडळींस कुर्डुवाडीवरून पुणें-मुंबई जवळ झाली. आपल्या घरांतील जुना फोटो यांपैकीं कोणत्या वाटेनें आला, हें त्याच्या पुठ्ठ्यावर छापलेल्या दुकानाच्या नांवावरून वाचकांस स्वतःच ताडतां येईल.

फोटोची कला १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत मुंबईस आली. मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ सालची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंत नांव मिळविलेल्या आरंभींच्या गृहस्थांपैकीं होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर त्याच दशकांत मुंबईस फोटोचें दुकान घातलें. परंतु ज्या राज्यांत आमचे वाडवडील राहत होते, त्या राज्यांतील सर्वांत नामांकित दुकान म्हणजे सिकंदराबादचें लाला, पुढें राजा, दीनदयाळ यांचें. या धंद्याचें मर्म समजून घेण्यास त्याहून चांगलें उदाहरण नाहीं.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालीं मीरतेजवळ सरधाना येथें एका जैन कुटुंबांत झाला. रुरकीच्या थॉमसन कॉलेजांत एंजिनिअरिंग शिकून ते इंदुरास सरकारी बांधकाम खात्यांत नोकरीस लागले. नकाशे काढणें आणि खर्चाचे अंदाज करणें हें त्यांचें काम. तिशीच्या सुमारास, म्हणजे १८७४ च्या आसपास, त्यांनीं कॅमेरा हातीं घेतला. इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे इंग्रज एजंट सर हेन्री डेली यांचा आश्रय त्यांस मिळाला. १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आले, तेव्हां त्यांचा फोटो काढण्याची संधीही मिळाली. नोकरी आणि फोटो हीं दोन्ही कांहीं वर्षें जोडीनें चाललीं. अखेर नोकरी सोडून ते पूर्णपणें या धंद्यांत पडले, १८८६ च्या सुमारास त्यांनीं सिकंदराबादेस दुकान उघडलें, आणि सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांचे ते दरबारी फोटोग्राफर झाले. पुढें निजामांनीं त्यांस राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला; मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत त्यांच्या कामास बक्षीस मिळालें आणि १८९६ सालीं मुंबईस शाखा निघाली. ५ जुलै १९०५ रोजीं ते वारले. त्यांच्यामागें चिरंजीव ज्ञानचंद यांनीं सिकंदराबादचें दुकान पुढें चालविलें.

आतां दुकानाच्या आंत जाऊं. त्या काळीं विजेचे दिवे नव्हते. फोटो काढावयाचा तो सूर्याच्या उजेडांत. पण ऊन अंगावर पडलें तर डोळे मिटतात आणि नाकाची सावली मिशीसारखी ओठांवर पडते. म्हणून फोटोवाला आपल्या खोलीच्या उत्तरेच्या बाजूस कांचेची भिंत आणि कांचेचें उतरतें छप्पर करी. उत्तरेकडून येणारा उजेड थंड आणि एकसारखा असतो. छपराखालीं पांढरे व निळे पडदे दोऱ्यांवर ओढलेले असत. ते मागेंपुढें सरकवून चेहऱ्यावर उजेड पाडावयाचा. तरीही कांचेवर चित्र उमटण्यास कित्येक सेकंद लागत, आणि तितका वेळ मनुष्यानें हलतां कामा नये. त्यासाठीं डोक्यामागें लोखंडी दांड्याचा चिमटा लावीत. तो गिऱ्हाइकाच्या अंगाआड लपलेला असल्यामुळें फोटोंत दिसत नाहीं. जुन्या फोटोंतील आपले पूर्वज इतके करारी आणि गंभीर कां दिसतात, याचें अर्धें उत्तर त्या चिमट्यांत आहे.

आरंभींची पद्धत ओल्या कांचेची होती. कांचेवर कोलोडियन नांवाचें चिकट द्रव्य पसरावयाचें, तें सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यांत बुडवावयाचें, ओलें आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें, आणि वाळण्यापूर्वीं काळोख्या खोलींत नेऊन उठवावयाचें. सगळा खेळ पांचदहा मिनिटांचा. आमच्याकडील वैशाखांत तर त्याहूनही थोडा. १८८० च्या सुमारास कारखान्यांत तयार झालेल्या कोरड्या कांचा बाजारांत येऊं लागल्या आणि हा जांच संपला. परंतु कोरड्या कांचेवर जिलेटीनचा थर असतो. पाणी ऊन झालें कीं तो थर मऊ पडतो, त्यास कडेनें सुरकुत्या येतात, आणि कधीं कधीं सारा सुटून पाण्यावर तरंगूं लागतो. म्हणून उन्हाळ्यांत गरम मुलखांतील फोटोवाले कांच उठविण्याचें काम रात्रीं किंवा पहाटे करीत, आणि थर घट्ट व्हावा म्हणून ती तुरटीच्या पाण्यांत घालीत.

कांचेवरून कागदावर प्रत काढण्याची रीतही मोठी मौजेची. कागद आणि कांच एका चौकटींत दाबून उन्हांत ठेवावयाचीं, चित्र उमटलें कीं त्यास सोन्याच्या क्षाराच्या पाण्यानें रंग द्यावयाचा, आणि हायपोच्या पाण्यांत घालून तें पक्कें करावयाचें. हा कागद गुळगुळीत व्हावा म्हणून त्यावर कोंबडीच्या अंड्यांतील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे. जर्मनींत ड्रेस्डेन येथें असा कागद करण्याचे मोठे कारखाने होते आणि तेथें दररोज हजारों अंडीं फोडलीं जात. पुढें या कागदाची जागा जिलेटीनच्या कागदानें घेतली. पण जिलेटीन तरी कशाचें? जनावरांच्या हाडांचें आणि कातड्याचें! ज्या पणजीच्या सोंवळ्याचा घरांत दरारा होता, तिची तसबीर देवघराच्या शेजारीं अशा कागदावर शंभर वर्षें निमूटपणें बसली आहे, हें तिला कळलें नाहीं तेंच बरें झालें.

प्रत पक्की झाल्यावर तिच्यांतील हायपो निघून जाईपर्यंत ती वारंवार पाणी बदलून धुवावी लागते. धुण्यांत कसर राहिली तर तो हायपोच दहावीस वर्षांनीं चित्र खातो. फोटो पिवळा पडतो आणि चेहऱ्याचे बारकावे आधीं जातात. म्हणजे फोटोचें आयुष्य कॅमेऱ्याइतकेंच पाण्यावर अवलंबून. गोदावरीच्या कांठीं बसलेल्या नांदेडच्या दुकानदारास याचें फारसें कांहीं वाटलें नसतें. परंतु ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून रेल्वेनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथें फोटोच्या धंद्यांतील खरें भांडवल कोणतें, हें वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

आतां माजघरांतील मंडळींनीं विशेष लक्ष द्यावें अशी एक गोष्ट. जुन्या फोटोंत सुवासिनीच्या कपाळावरील कुंकू काळें कां दिसतें? त्या वेळच्या कांचांस निळा आणि जांभळा उजेड चटकन् कळे. तांबडा मुळींच कळत नसे, आणि पिवळा अगदीं थोडा. त्यामुळें तांबडें कुंकू काळें उमटे, विधवेचें तांबडें आलवण काळें दिसे, आणि आकाशी रंगाचें लुगडें पांढऱ्यासारखें दिसे. आपल्या कातडीच्या रंगांत तांबडा आणि पिवळा हे दोन्ही अंश असल्यामुळें माणसाचा वर्णही होता त्याहून सांवळा येई. वधूचे फोटो वराकडे पाठविण्याची चाल पडल्यावर या एका रासायनिक दोषानें किती मुलींवर अन्याय केला असेल, याचा हिशेब कोण ठेवणार? फोटोवाल्यास तो दोष ठाऊक असे. तो मूळ कांचेवर बारीक पेन्सिल फिरवी. कांचेवर पेन्सिलीनें जेथें काळें केलें तेथें कागदावर उजळ उमटतें. अशा रीतीनें सुरकुत्या जात, देवीचे व्रण जात, वर्ण खुले. दुकानांत हें काम करणारा माणूस निराळा असे. तेव्हां जुन्या फोटोवरून ‘पणजी सांवळी होती’ किंवा ‘पणजोबांच्या तोंडावर एक डाग नव्हता’ असें छातीठोकपणें सांगूं नये. पहिलें विधान कांचेचें असूं शकतें, आणि दुसरें पेन्सिलीचें.

या धंद्यांत पैसा कसा फिरे तेंही पाहूं. सिकंदराबाद हें इंग्रजी छावणीचें गांव; तेथें कलदार रुपया चाले आणि बदली होऊन विलायतेस जाणारे अंमलदार रोख पैसे देऊन फोटो नेत. निजामाच्या मुलखांत मात्र हाली शिक्का चाले आणि सात हाली म्हणजे सुमारें सहा कलदार असा भाव असे. आतां नांदेडसारख्या गांवीं दुकान घालणाऱ्याची स्थिति मनांत आणा. कांचा, कागद आणि औषधें मुंबईहून यावयाचीं, त्यांची किंमत कलदारांत. राज्याच्या हद्दीवर करोडगिरीचा जकातदार साधारण शेंकडा पांच घेणार. आणि गिऱ्हाईक देणार तें हालींत. त्यांत कांच फुटली, औषध उन्हानें बिघडलें किंवा मूल ऐन वेळीं हललें, तर तोटा दुकानदाराचा. दरबारी कामानें प्रतिष्ठा वाढते खरी. पण दरबारी बिल हातीं पडण्यास किती हेलपाटे घालावे लागत, हें संस्थानी मुलखांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस सांगावयास नको. दुकानाचें भाडें आणि नोकरांचा पगार निघे तो मुंज, लग्न, परीक्षा आणि बदली यांसाठीं येणाऱ्या साध्या कुटुंबांच्या रोख पैशावर. म्हणून मोठ्यांतील मोठा फोटोवालाही शेवटीं गृहस्थाश्रमावरच जगत असे.

आणि गृहस्थाश्रमी गिऱ्हाईक यावयाचें तर त्याचा विश्वास पाहिजे. दादासाहेब फाळके यांची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट त्यांनीं १९१३ सालीं लोकांपुढें आणला हें सर्वांस ठाऊक आहे. पण त्यापूर्वीं १८९५ सालीं ते गोध्र्यास फोटोचा धंदा करण्यासाठीं गेले होते, हें थोड्यांस ठाऊक असेल. तेथें प्लेगनें त्यांची पत्नी आणि मूल नेलें. मग त्यांनीं बडोद्यास पुन्हां धंदा मांडला. परंतु कॅमेरा माणसाच्या अंगांतील शक्ति शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो, अशी हूल गांवांत उठली व दुकान चाललें नाहीं. अशा समजुतीस आज आपण हंसतों. पण प्लेगाच्या दिवसांत, आज खुर्चीवर बसून फोटो काढविणारा मनुष्य पुढील आठवड्यांत नाहींसा होत होता, आणि मागें राहिलेल्यांच्या हातीं तोच एक कागद उरत होता. त्यांनीं या दोहोंचा संबंध जोडला, यांत नवल तें काय?

स्त्रियांच्या बाबतींत तर हा विश्वास अधिकच नाजूक. निजामाच्या राजधानींतील मोठ्या घराण्यांत गोषा पाळीत. परपुरुषानें पडद्यामागून पाहणेंही जेथें वर्ज्य, तेथें तो समोर कॅमेरा लावून उभा कसा राहणार? दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैद्राबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळें दुकान काढलें. त्याच्या भोंवतीं उंच भिंती होत्या, आंत पुरुषास मज्जाव होता, आणि फोटो काढण्याचें काम मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोंपविलेलें होतें. ज्या गिऱ्हाइकांस दुकानाची पायरी चढणें शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं पायरीच बदलणें ही व्यापाऱ्याची दृष्टि झाली. परंतु तींतून घरच्या लेकीसुनांचीं रूपें पहिल्यानें जतन झालीं, हेंही तितकेंच खरें. आमच्या ब्राह्मण घरांत गोषा नव्हता, तरी कॅमेऱ्यासमोर सुनेस बसविण्यास सासूबाईंची परवानगी लागेच. घरांत पुरुषांच्या तसबिरी चार आणि बायकांची एक, असें प्रमाण जुन्या भिंतींवर दिसतें तें उगाच नव्हे.

येथवर दुकानाचा दर्शनी भाग झाला. त्याचा खरा प्राण मागील खोलींतील कपाटांत होता. प्रत्येक कांचेवर क्रमांक घातलेला असे, आणि तोच क्रमांक वहींत गिऱ्हाइकाच्या नांवासमोर आणि तारखेसमोर लिहिलेला असे. ‘कांच जपून ठेविली आहे, प्रत केव्हांही मिळेल’ अशा अर्थाचा मजकूर पुष्कळ फोटोवाले पुठ्ठ्याच्या पाठीवर छापीत. मुलगा लढाईवर गेला, लेक बाळंतपणांत गेली, कीं घरची मंडळी तो पुठ्ठा घेऊन दुकानीं येत, क्रमांक सांगत, आणि दहा वर्षांपूर्वींची कांच कपाटांतून बाहेर निघे. हार घातलेल्या ज्या मोठ्या छब्या आपण पाहतों त्यांपैकीं पुष्कळ अशाच, लग्नाच्या किंवा कुटुंबाच्या समूहांतून एकच चेहरा उचलून मोठ्या केलेल्या आहेत. फोटो काढून दिला म्हणजे फोटोवाल्याचें काम संपत नसे. कांच आणि वही सांभाळणें हें त्याचें पुढील काम, आणि त्याचे पैसे त्यास कोणी देत नसे.

पुढें दुकानें एकामागून एक बंद पडलीं. मुलांनीं दुसरा धंदा धरला, कांचांचें ओझें कोणास नकोसें झालें. थर खरवडून काढला म्हणजे खालीं स्वच्छ कांच मिळते, आणि ती तसबिरीच्या चौकटीस किंवा खिडकीस चालते. अशा रीतीनें देशांत ठिकठिकाणीं कित्येक कुटुंबांचे चेहरे भंगारांत गेले. दीनदयाळ यांच्या कांचांचें दैव बरें. १९८९ सालीं दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानें त्यांपैकीं २८५७ कांचा आपल्या संग्रहांत घेतल्या. त्या उपयोगी पडतात, कारण कांचेबरोबर क्रमांक आणि नांव होतें. नांव नसतें तर उत्तम पोशाख केलेल्या कोणा एका अनोळखी मनुष्याची कांच, इतकेंच तिचें मोल राहिलें असतें.

नांवाचें हें मोल किती, तें उलट बाजूनेंही पाहतां येतें. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मराठवाड्यानें जें सोसलें तें जुन्या लोकांच्या तोंडीं पुष्कळ वर्षें होतें. औरंगाबाद जिल्ह्यांतील दुष्काळी कामांचे फोटो दीनदयाळ यांच्या दुकानानें काढले, आणि ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. सरदारांच्या फोटोखालीं सरदाराचें नांव असतें. दुष्काळी कामावर पोटासाठीं आलेल्या हाडकुळ्या माणसांचीं नांवें अशा फोटोंखालीं सहसा सांपडत नाहींत. ज्यानें पैसे दिले त्याचें नांव वहींत चढलें. ज्यानें दिले नाहींत तो चेहरा होऊन राहिला.

आमच्या भिंतींवरही तेंच चाललें आहे, फक्त सावकाश. भाद्रपदांत पितृपक्ष आला कीं आपण पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही यांच्या नांवांचा उच्चार करतों. तीन पिढ्यांचीं नांवें तोंडपाठ. पण त्यांतील पितामहीचें तोंड कोणी पाहिलें आहे काय, असें विचारलें तर घर गप्प. आणि त्याच घरांत भिंतीवर नऊवारी नेसलेली एक स्त्री पन्नास वर्षें आपल्याकडे पाहत असते. ती कोण, हें सांगणारी आत्या गेल्यावर सांगणारें कोणी उरत नाहीं. ती पितामहीच असेल, तर नांव एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे असा हा वियोग आपणच घडवून आणिला म्हणावयाचा.

वेळ पुष्कळ आहे असेंही समजूं नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे, किल्लारीच्या भूकंपानें लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें निजलीं होतीं तशींच गाडलीं. दगडमातीच्या ज्या रुंद भिंतींवर तसबिरी होत्या, त्या भिंतीच माणसांवर पडल्या. हजारों माणसें गेलीं. जीं वांचलीं त्यांपैकीं कित्येकांजवळ गेलेल्यांचें रूप दाखविणारा एक कागदही राहिला नाहीं. ज्यांच्या लेकीच्या सासरीं किंवा परगांवच्या भावाकडे एखादी प्रत होती, त्यांसच तो चेहरा पुन्हां दिसूं शकला.

तेव्हां फोटोवाल्याची वही आतां घरच्या कर्त्या मंडळींनीं हातीं घ्यावी, एवढेंच या लेखाचें मागणें. तिची रीत सोपी आहे. पहिली गोष्ट, पाठीवर कांहीं लिहिण्यापूर्वीं पाठीवर काय छापलें आहे तें वाचावें. दुकानाचें नांव आणि किताब यांवरून काळ कळतो. दीनदयाळ यांच्याच दुकानाच्या पुठ्ठ्यावर ‘लाला’ असेल तर तो आधींचा आणि ‘राजा’ असेल तर १८९४ च्या सुमारानंतरचा. पुठ्ठा जीर्ण झाला म्हणून तो काढून फेंकूं नये. तोच फोटोचा जन्मदाखला आहे. दुसरी गोष्ट, मऊ पेन्सिलीनें, हलक्या हातानें, कडेस नांवें लिहावीं. शाईचें किंवा बॉलपेन वापरूं नये, कारण त्याचा वळ पुढल्या बाजूस उमटतो. स्त्रियांचीं नांवें सासरचीं आणि माहेरचीं अशीं दोन्ही लिहावीं. नुसतें ‘आजी’ लिहिल्यास तिच्या पणतूस ती कोणाची आजी तें कळणार नाहीं. समूहाचा फोटो असेल तर निराळ्या कागदावर आकृति काढून एक, दोन, तीन असे क्रमांक द्यावे.

तिसरी गोष्ट, फोटो ओल्या फडक्यानें पुसूं नये, चिकट पानांच्या आल्बमांत लावूं नये आणि प्लॅस्टिकांत पक्का बंद करून घेऊं नये. साध्या कागदी पाकिटांत घालून कोरड्या जागीं ठेवावा. तसबिरीच्या कांचेस चिकटला असेल तर ओढून काढूं नये, कांचेसकट तसाच राहूं द्यावा. ओल येणाऱ्या भिंतीवरील तसबीर पावसाळ्यापूर्वीं उतरवावी. माळ्यावर जुन्या कांचा सांपडल्या तर त्या कडेस धरून उचलाव्या, प्रत्येकीस निराळा कागद गुंडाळावा, आणि एकीवर एक न रचतां उभ्या ठेवाव्या. चौथी गोष्ट, प्रत्येक जुन्या फोटोची प्रत, सावलींत आणि झगमगाट न पाडतां, आजच्या मोबाईलवर घ्यावी आणि ती नांवासह निदान दोन निराळ्या गांवच्या घरीं ठेवावी. नवे फोटो तर आतां दिवसाला शंभर निघतात; पण नांव, गांव आणि तारीख नसलेले शंभर फोटो आणि माळ्यावरची बिननांवाची कांच यांत फरक नाहीं.

आणि हें काम दुपारच्या वेळीं, घरांतील सर्वांत वयस्क बाईंस शेजारीं बसवून करावें. चष्मा त्यांच्या हातीं द्यावा आणि विचारीत जावें. पुरुषांस पुष्कळदां शेतांचे सर्व्हे नंबर आठवतात. कोणत्या फोटोंतील लुगडें कोणाच्या लग्नांतलें, तें बायकांस आठवतें, आणि चेहऱ्याची ओळख त्यावरूनच लागते. एका बैठकींत सगळे फोटो होणार नाहींत. दहा झाले तरी पुरे. उरलेले पुढल्या रविवारीं घ्यावे.